रात्रीची कार फेरी: गाडी खाली, आपण वर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर लगेच कळेल. तुम्ही लीड्सला राहता, माहेर शृंगारतळीचं. एप्रिलअखेरीस आई-बाबा तुमच्याकडे येणार आहेत. मग तुम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा आणि ते दोघं असे पाचजण स्वतःच्या गाडीने न्यूकॅसलला जाणार. तिथून संध्याकाळच्या फेरीबोटीने हॉलंडमधलं आयमाउडेन, पुढे ॲमस्टरडॅम आणि ट्युलिपची शेतं. तिकीट काढायला गेलात तर केबिन सक्तीची निघाली. तुमचं म्हणणं असं, की एका रात्रीसाठी दोन केबिनींचे पैसे कशाला, धोपावे-दाभोळ फेरीवर बसतो तसे गाडीतच बसलो, सीट मागे टाकून झोपलो तर काय बिघडलं? आणि शेवटी जाताजाता लिहिलंय की आईंना वरंधा घाटात गाडी लागते, तर बोट लागेल का.

मी वेळणेश्वरचा. सत्तावीस वर्षं बोटीवर काढली. त्यातली चौदा रात्रीच्या कार फेऱ्यांवर, थोडी भूमध्य समुद्रात, बाकी उत्तर समुद्रात. भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि शेवटची सहा वर्षं रात्रपाळीला रिसेप्शनवर होतो. तुमच्या नेमक्या मार्गावर मी काम केलेलं नाही. त्यामुळे तिथल्या केबिनचे प्रकार, जेवणाच्या वेळा आणि दर तिकिटावर बघा, ते दर हंगामाला बदलतात. बोट आणि समुद्र मात्र फारसे बदलत नाहीत.

गाडीत झोपता येणार नाही. पैशाचा विषय तिथेच संपतो. उरतो तो खरा प्रश्न: पंधरा-सोळा तास तुमची गाडी एका मजल्यावर आणि तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, मधलं दार बंद. हे एकदा डोक्यात बसलं की काय बरोबर घ्यायचं, कुठली केबिन, आईंना कुठे झोपवायचं, हे सगळं आपोआप सुटत जातं. आपल्याकडच्या फेरीबोटीची सवय इथे घात करते. २००३ साली दाभोळची फेरी सुरू झाली तेव्हापासून आपण गाडी चढवतो, काच खाली करतो, वाशिष्ठीचा वारा खातो आणि इंजिन गार व्हायच्या आत पलीकडे उतरतो. ती उघडी, सपाट बोट आहे, खाडीतली. रात्रीची फेरी म्हणजे सहा-सात मजली इमारतीच्या तळाशी गोदाम, आणि ते गोदाम समुद्रात.

दार का बंद करतात ते सांगतो, कारण लोक त्यावरून रिसेप्शनवर येऊन भांडतात. एक कळशी निम्मी भरून डोक्यावर घेऊन चाला. पाणी डुचमळतं, पण तोल सांभाळता येतो. तेवढंच पाणी मोठ्या परातीत ओतून चालून बघा. जरा हात कलला की सगळं पाणी एका कडेला धावतं आणि परातच उलथते. गाड्यांचा डेक ही अशीच परात आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, मध्ये भिंत नाही, कारण भिंत घातली तर ट्रक वळणार कसे? तिथे थोडं जरी पाणी शिरलं तरी बोट आडवी होऊ शकते. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी पुढचं दार उघडं असतानाच सुटली आणि धक्क्यापासून फार दूर जायच्या आत कलंडली. १९३ माणसं गेली. २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेल्या ‘एस्टोनिया’च्या नाळेवरचं, म्हणजे पुढच्या टोकावरचं, झाकण लाटांनी तुटलं आणि ८५२ माणसं गेली. ती रात्रीची कार फेरीच होती. तेव्हापासून दारं, पाणी कळवणारे सेन्सर, डेकवरचे कॅमेरे यांचे नियम फार कडक झाले. शिवाय आगीची भीती आहेच. खाली शेकडो टाक्यांत पेट्रोल-डिझेल, थंड मालाच्या ट्रकांना रात्रभर वीज जोडलेली. अशा जागी झोपलेलं माणूस नको, आणि कुणी झोपलंय हे माहीत नसलेलं माणूस तर नकोच नको.

हे वाचून घाबरू नका. आपल्याकडे ‘रामदास’ बोटीची आठवण अजून घराघरात आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्यावर माणसं गेली. माझी आजी त्यानंतर कधी बोटीत बसली नाही. पण आजच्या फेरीवर तुमचं नाव मोजलेलं असतं आणि लाइफ जॅकेट मोजलेलं असतं. केबिनच्या दारामागे नकाशा लावलेला असतो, आपत्तीत जमायची जागा त्यावर दाखवलेली असते. केबिनमध्ये गेल्यावर पिशव्या टाकायच्या आधी तो बघा. मुलाला बरोबर घेऊन त्या जागेपर्यंत एकदा चालून या. पाच मिनिटांचं काम, आणि त्याला तो खेळ वाटेल.

आता एक प्रसंग. भूमध्य समुद्रात, रात्री दोनच्या सुमारास एक बाई रिसेप्शनवर आल्या. सासऱ्यांचं इन्सुलिन गाडीच्या कप्प्यात राहिलेलं. ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीत, फोन केला, ऑफिसरची परवानगी घेतली, एक खलाशी चावी घेऊन खाली गेला. गाडी दोन ट्रकांच्या मध्ये अशी लागलेली, की चारही दारं वीतभरसुद्धा उघडेनात. शेवटी डिकी उघडून तो आत रांगत गेला, दोन सुटकेसवरून, बाळाच्या खुर्चीखालून. वर आला तेव्हा त्याच्या एका हातात इन्सुलिनची डबी आणि दुसऱ्या कोपराला ग्रीस. चाळीस मिनिटं गेली. औषध होतं म्हणून कुणी तरी गेलं. टूथब्रश, मुलाचं पांघरूण, फोनचा चार्जर यासाठी कुणी जाणार नाही, आणि जाऊ नये.

म्हणून घरूनच रात्रीची एक वेगळी पिशवी भरा. मोठ्या बॅगेतून धक्क्यावर काढू, असं म्हणू नका. धक्क्यावर मागे गाड्यांची रांग असते, शिट्ट्या वाजत असतात, आणि नेमकी ती बॅग तळाशी असते. आई-बाबांची सगळी औषधं, सकाळच्या डोससकट, त्या पिशवीत. पासपोर्ट, चष्मे, कवळी ठेवायची डबी, मुलाचा एक जास्तीचा कपडेपट, रबरी तळाच्या चपला, प्रत्येकाला एक गरम कपडा. लहानशी चाकाची बॅग असेल तर उत्तम, पण जिने उंच आणि अरुंद असतात, म्हणून दोन हातांत मावेल एवढीच. आईंचे गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच तसं कळवा आणि चेक-इनला पुन्हा सांगा. मग गाडी लिफ्टजवळ लावू देतात. आयत्या वेळी डेकवर सांगितलंत तर तो बिचारा पिवळ्या जॅकेटातला माणूस काही करू शकत नाही, मागून ट्रक येत असतो.

गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, आरसे मिटा, आणि अलार्म बंद करा. बोट हलली की अलार्म वाजतो, मग रात्रभर वाजत राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली. डेकचा नंबर आणि जिन्याचा रंग यांचा फोटो काढा. सकाळी अर्धी बोट गाडी शोधत फिरत असते. टपावर सामानाची पेटी लावणार असाल तर एकूण उंची मोजून तिकिटात तीच लिहा. सुट्या कॅनमधलं पेट्रोल चालत नाही.

केबिनकडे येतो. पाचजणांना दोन केबिनी लागणार हे धरून चाला. तुम्ही दोघं आणि मुलगा एकीकडे, आई-बाबा दुसरीकडे, असं तुमच्या मनात असणार. मी तसं करणार नाही. आईंना त्रास झाला तर मध्यरात्री बाबा काय करतील? ते बटणं शोधत बसतील. आई, तुम्ही आणि मुलगा एका केबिनमध्ये, बाबा आणि जावईबापू शेजारच्या केबिनमध्ये, अशी वाटणी करा. सासरे-जावयांना जरा अवघडल्यासारखं होईल, पण एकाच रात्रीचा प्रश्न आहे आणि दोघं पडल्या पडल्या घोरतील. वरचे बंक भिंतीत मिटवलेले असतात, शिडीने चढायचं. आई आणि बाबा खाली, हे ठरलेलं. वर पाच वर्षांच्या पोराला झोपवू नका. कठडा असतो, पण तो मोठ्या माणसाच्या मानाने.

खिडकीची केबिन की आतली? इथे माणसावर अवलंबून आहे. आतली केबिन स्वस्त आणि मिट्ट काळोखी. झोप उत्तम लागते, पण काहींना कोंडल्यासारखं होतं. आईंना लिफ्टमध्ये घाबरायला होत असेल तर खिडकीचे पैसे खुशाल द्या. होत नसेल तर खिडकीपेक्षा जागा महत्त्वाची. झोपाळ्याच्या पाटावर टोकाला बसलं की जास्त हेलकावा बसतो, मधे बसलं की कमी. बोटीचंही तसंच. नाळेकडची केबिन लाटेबरोबर वर जाते आणि धाडकन खाली येते. वरच्या मजल्यावर डुलणं जास्त. म्हणून मधली आणि शक्य तितकी खालची मागा. यात एक गोम आहे. अगदी खालची, मागच्या अंगाची असेल तर इंजिनाची घरघर आणि ट्रकांच्या गारव्याच्या यंत्रांचा आवाज येतो. पुढच्या अंगाची असेल तर बंदरात शिरताना बोट आडवी सरकवणारे पंखे सुरू होतात, तेव्हा ग्लास टेबलावरून चालायला लागतो. आवाज कानात कापूस घालून मिटतो, हेलकावा मिटत नाही. मला निवडायचं असेल तर मी आवाज पत्करतो.

आता बोट लागण्याबद्दल, कारण तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत ते माझ्या मते पहिलं लिहायला हवं होतं. घाटात गाडी लागणाऱ्या माणसाला बोट लागेलच असं नाही, पण शक्यता जास्त. कान म्हणतो आपण हलतोय, डोळा म्हणतो भिंत जागेवर आहे, आणि भांडण पोटात होतं. उत्तर समुद्र उथळ आहे, त्यामुळे लाट आखूड आणि उभी येते, आपल्या अरबी समुद्रातल्या लांब फुगाऱ्यासारखी नाही. एप्रिलअखेर म्हणजे अधलीमधली वेळ. हिवाळ्याइतकी वाईट नाही, जून-जुलैइतकी शांत नाही. मोठ्या फेरीला दोन्ही अंगांना पाण्याखाली पंख असतात, त्यांनी डुलणं पुष्कळ कमी होतं. पुढे-मागे आपटणं मात्र त्यांना थांबवता येत नाही.

गोळी घ्यायची तर ती बोट सुटायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर येते. पण या गोळ्यांनी गुंगी येते, आणि साठीच्या पुढच्या माणसाचा रात्री बाथरूमला जाताना तोल जातो. बाथरूमला उंबरठा असतो, पाणी अडवायला. मी पाहिलेले बहुतेक अपघात त्या उंबरठ्यावरचे, लाटेचे नव्हेत. म्हणून कुठली गोळी आणि किती, हे आईंच्या डॉक्टरांना त्या भारतातून निघायच्या आधी विचारा, रक्तदाबाच्या, काचबिंदूच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. रिकाम्या पोटी ठेवू नका. मऊ भात, केळं, कोरडं बिस्कीट. आलेपाकाच्या वड्या बरोबर ठेवा, निदान तोंडाला चव राहते. मळमळायला लागलं तर डेकवर नेऊन क्षितिजाकडे बघायला सांगा. अंधार असेल तर सरळ आडवं करा, डोळे मिटून. फोनवर व्हिडिओ नको, वाचन नको, आणि ‘आता कसं वाटतंय’ असं दर पाच मिनिटांनी विचारणंही नको.

अंदाज घ्यायचा असेल तर धोपाव्याच्या फेरीवरून काही कळणार नाही, ती खाडी आहे. आई-बाबा मुंबईला विमान पकडायला जातील तेव्हा त्यांना एक दिवस आधी जाऊन भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, करून यायला सांगा. २०२० पासून चालू आहे, साधारण तासाभराची. तीही बंदराच्या आडोशातलीच, पण निदान मोठ्या बोटीचं हलणं, इंजिनाचा वास आणि बंद खोलीतलं बसणं आईंना कसं वाटतं ते कळेल.

संध्याकाळचं फार सांगत नाही, ते तुम्हाला आवडेलच. रेस्टॉरंटं असतात, बार, दुकान, मुलांना खेळायला कोपरा, बहुधा सिनेमा आणि कुणी तरी गिटारवाला. बुफे आधी बुक केला तर सहसा स्वस्त पडतो आणि लवकरची वेळ मिळते. आईंसाठी ती घ्या, बोट उघड्या समुद्रावर यायच्या आत जेवून व्हायला हवं. शाकाहारी म्हणजे सॅलड, पास्ता, चीज, बटाटे. पोट भरतं, मन भरत नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं केबिनमध्ये बसून खायला कुणी हरकत घेत नाही. केबिनमध्ये किटली किंवा इंडक्शन लावू नका. धूर हुंगणारं यंत्र वाजलं की अर्धा मजला बाहेर येतो. आणि उरलेले पेढे, पनीर, चक्का, मटण असं काही हॉलंडमध्ये उतरवू नका. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यापासून तिकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. बोटीतच संपवा.

फोन विमान मोडवर टाका. किनारा सुटला की फोन बोटीचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो, आणि ते तुमच्या रोमिंगच्या पॅकमध्ये बहुधा बसत नाही. आमच्याकडे एकाने बोटीवरून गावच्या पालखीचं थेट दर्शन घेतलं होतं. बिल आल्यावर तो म्हणाला, यापेक्षा विमानाने जाऊन पालखी खांद्यावर घेतली असती.

टॉयलेट विमानातल्यासारखं हवा ओढणारं असतं, मोठा आवाज होतो. मुलगा दचकेल, त्याला आधी दाखवा. झाकण लावून बटण दाबा. त्यात कागदाशिवाय काही टाकू नका, नाहीतर तुमच्या रांगेतल्या सगळ्या केबिनी बंद पडतात आणि माझ्यासारख्या कुणाला तरी पहाटे प्लंबरला उठवावं लागतं.

सकाळी हॉलंडचं घड्याळ एक तास पुढे असतं, हे विसरून लोक न्याहारी चुकवतात. उतरायच्या आधी घोषणा होते, तेव्हाच गाडीकडे जायचं. आधी जाऊन जिन्यात उभं राहिलं तर फक्त पाय दुखतात. गाडीत बसल्यावर पुढची गाडी हलेपर्यंत इंजिन सुरू करू नका, खाली धुराने डोळे चुरचुरतात.

हे सगळं झालं, पण तिकिटाचे पैसे भरायच्या आधी एक तपासा, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. आई-बाबांकडे ब्रिटनचा व्हिसा असेल, पण हॉलंडला भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. तुमचाही पासपोर्ट भारतीय असेल तर तुम्हालाही. आणि त्यांच्या ब्रिटनच्या व्हिसावर पुन्हा आत येता येतं ना, हेही वाचा. धक्क्यावर चेक-इनच्या काचेमागून ‘सॉरी’ ऐकून परत वळलेल्या गाड्या मी पाहिल्यात, मागच्या सीटवर आजी-आजोबा, टपावर सामान.

तर क्रम असा: आधी व्हिसा, मग आईंच्या डॉक्टरांशी बोलणं, मग मधल्या भागातल्या दोन शेजारच्या केबिनी, मग लवकरच्या वेळेचा बुफे. पिशवी सगळ्यात शेवटी, पण घरीच.

राहिला बाबांचा प्रश्न, पूर्वीच्या आगबोटीसारखं डेकवर सतरंजी टाकून झोपता येईल का. मलाही ते आठवतं. १९६८ साली मी सहा वर्षांचा होतो. दाभोळला खाडीच्या तोंडाशी आगबोट उभी राहायची, पडावातून शिडीपर्यंत जायचं आणि वर चढल्या चढल्या वळकटी सोडून जागा धरायची. आईने मला वळकटीवर बसवून ठेवलं होतं, कुणी सरकवू नये म्हणून. ग्रीसकडच्या फेऱ्यांवर उन्हाळ्यात लोक अजून तसे झोपतात, स्लीपिंग बॅग पसरून. उत्तर समुद्रात एप्रिलमध्ये नाही, बाबा गारठतील. पण त्यांना सुटतेवेळी डेकवर जरूर न्या. बोट टाइन नदीतून निघते, दोन्हीकडून समुद्रात गेलेल्या लांब दगडी बांधांच्या मधून बाहेर पडते, बांधाच्या टोकांना दीपस्तंभ. एप्रिलअखेर तिथे संध्याकाळी चांगला उजेड असतो, सगळं नीट दिसतं. बांध मागे पडले की वारा एकदम बदलतो, तेव्हा कानटोपी लागेल. ती गाडीत राहिली तर सकाळीच मिळेल.